सातची फळी, आठची फळी: एका उपजिल्हा रुग्णालयातील लवचीक ड्यूटीचे प्रकरण

तालुक्याच्या गावातील ५० खाटांच्या एका शासकीय उपजिल्हा रुग्णालयात नर्सिंग ड्यूटीच्या वेळा कशा बदलल्या, त्याची ही नोंद. ओळख पटू नये म्हणून गाव, माणसे आणि काही आकडे बदलले आहेत. गणित आणि त्यातले पेच तसेच ठेवले आहेत, कारण बहुतेक रुग्णालयांत गाडी तिथेच अडते.

पार्श्वभूमी

लवचीक वेळ म्हटले की डोळ्यांसमोर कार्यालय येते: कुणी साडेनऊला यावे, कुणी साडेदहाला, दिवसाचे तास भरले की झाले. वॉर्डात हे चालत नाही. तिथे एक सिस्टर उठली की त्याच खुर्चीवर दुसरी बसलेली असावी लागते. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला, तेव्हा शासकीय रुग्णालये त्यातून वगळली गेली ती याच कारणाने. त्यामुळे कार्यालयांसाठी लिहिलेले कुठलेही 'फ्लेक्सी' धोरण उचलून वॉर्डाला लावता येत नाही. वॉर्डाचे गणित माणसांनी आणि खाटांनी सुरू होते.

या रुग्णालयात अधिपरिचारिकांची (स्टाफ नर्सची) नियमित पदे १९, भरलेली १४. त्यातल्या दोघी लांब रजेवर: एक प्रसूती रजेवर, दुसरी बालसंगोपन रजेवर. उरल्या १२. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून आलेले कंत्राटी ५. असे एकूण १७ जण. ड्यूट्या नेहमीच्याच: सकाळ ८ ते २, दुपार २ ते ८, रात्र ८ ते ८. सकाळी ७ जण लागत (कॅज्युअल्टी म्हणजे तातडीच्या रुग्णांचा कक्ष १, लेबर रूम व प्रसूतीपश्चात कक्ष मिळून २, पुरुष वॉर्ड १, स्त्री व बाल वॉर्ड १, ऑपरेशन थिएटर १, इंजेक्शन व लसीकरण १). रविवारी सकाळी ४. दुपारी ४ आणि रात्री ४.

आठवड्याच्या ड्यूट्या मोजल्या तर सकाळच्या ४६, दुपारच्या २८, रात्रीच्या २८, एकूण १०२. तासांत ७८०. सतरा जणांत वाटले तर माणशी सुमारे ४६ तास. आणि हे कुणीही रजेवर नसताना. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत रजेसाठी ३० टक्के राखीव मनुष्यबळ धरलेले आहे ते उगाच नाही. इथे राखीव शून्य. कुणाच्या घरी ताप आला की ड्यूटी लिस्ट कोलमडे.

लिस्ट लिहायच्या इन्चार्ज परिसेविका. शनिवारी संध्याकाळी लिस्ट लागे, सोमवारपासून लागू. मग शनिवारी रात्री फोन सुरू. "सिस्टर, माझी गुरुवारची नाइट बदलून द्या ना." या फोनाफोनीला सगळे 'अॅडजस्टमेंट' म्हणत. म्हणजे लवचिकता होतीच; फक्त ती कागदावर नव्हती, आणि ज्याचे इन्चार्जशी बरे त्याला ती जास्त मिळे.

पेच कसा उघडा पडला

झटके येऊन दाखल झालेल्या एका गर्भवतीला मॅग्नेशियम सल्फेट हे झटके रोखणारे औषध सुरू होते. दुपारी १२ वाजता पहिला मोठा डोस झाला: ४ ग्रॅम शिरेतून हळूहळू आणि ५-५ ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत. त्यानंतर दर ४ तासांनी ५ ग्रॅम, आलटून पालटून एकेका बाजूला. ४ वाजताचा डोस वेळेवर दिला गेला. पुढचा ८ वाजता, म्हणजे बरोबर ड्यूटी बदलाच्या क्षणी.

दुपारच्या ड्यूटीवरची कंत्राटी सिस्टर ४५ किलोमीटरवरून एसटीने ये-जा करणारी. शेवटची गाडी ७.४५ ची, स्टँड दहा मिनिटांवर. ती ७.२० ला निघाली. लेबर रूममधली दुसरी सिस्टर तेव्हा एका प्रसूतीत गुंतलेली, म्हणून निघताना तिने कॅज्युअल्टीतल्या सिस्टरला सांगितले, "पाच नंबरला आठचं मॅग्नेशियम आहे." पाचच मिनिटांत कॅज्युअल्टीत अपघाताचे दोन रुग्ण आले. रात्रीची सिस्टर ८.१० ला आली. केसपेपरवर ४ ची नोंद होती, ८ चा रकाना कोरा. डोस दिला नाही, की दिला आणि लिहिला नाही?

हा प्रश्न लहान नाही. हे औषध दुप्पट गेले तर श्वास मंदावतो. रात्रीची सिस्टर डोस न देता थांबली ते योग्यच केले. निघालेल्या सिस्टरचा फोन गाडीत रेंजबाहेर. अखेर डॉक्टरांना बोलावून गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया तपासली, श्वास मिनिटाला १६ हून कमी नाहीत हे पाहिले, लघवी तासाला ३० मिलीच्या वर असल्याची खात्री केली, उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवले आणि ९.४० ला डोस दिला. बाई सुखरूप राहिली, बाळही.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात कारणे दाखवा नोटिशीचा मसुदा तयार होता. पहिला निर्णयाचा क्षण हा. नोटीस काढली असती तर विषय तिथेच मिटला असता आणि महिन्याभराने पुन्हा उपटला असता. वैद्यकीय अधीक्षकांनी मसुदा बाजूला ठेवून इन्चार्जना एकच माहिती मागितली: दुपारच्या ड्यूटीवरून आठच्या आधी निघणारे किती? मागच्या महिन्याच्या बायोमेट्रिक नोंदी काढल्या. ये-जा करणाऱ्या सहाही जणी ७.१५ ते ७.३० च्या दरम्यान अंगठा लावून गेलेल्या. रोज. यंत्राला हे ठाऊक होते आणि वॉर्डालाही. ठाऊक नव्हते ते फक्त ड्यूटी लिस्टला.

"मुख्यालयी राहावे", म्हणजे नेमणुकीच्या गावीच राहावे, हा नियम आहे आणि बैठकीत तो एकाने काढलाच. पण आवारातली निवासस्थाने ८, त्यातली ३ गळकी. त्यात मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट झाल्यावर ये-जा परवडू लागली होती. नियमाकडे बोट दाखवून ७.४५ ची गाडी ८.१५ ला सुटणार नव्हती.

चार अर्ज

त्याच पंधरवड्यात चार लेखी अर्ज आले. चौघांचे दुखणे वेगवेगळे होते आणि सुरुवातीला सगळे एकाच फाइलीत 'वेळेत सूट मिळणेबाबत' म्हणून बांधले गेले. ही पहिली चूक.

पहिला अर्ज प्रसूती रजा संपवून आलेल्या अधिपरिचारिकेचा. बाळ सात महिन्यांचे, राहणे आवारातच. वर्षभर नाइट नको. दुसरा, वर उल्लेख केलेल्या कंत्राटी सिस्टरचा: दुपारची ड्यूटी ७.१५ ला संपावी. तिसरा ५४ वर्षांच्या ज्येष्ठ सिस्टरचा. मधुमेह, इन्सुलिन चालू. नाइट कायमची बंद करा. चौथा एका ब्रदरचा (पुरुष परिचारकाचा). वडिलांचे मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याच्या ठिकाणी डायलिसिस, नेणारे दुसरे कुणी नाही.

फाइल एक असली तरी मागण्यांचे प्रकार तीन होते. पहिली मागणी ठरावीक मुदतीची. बाळ मोठे होते. दुसरी मागणी तेवढ्याच तासांचे काम थोडे सरकवण्याची, त्यात कुणाचा भार वाढत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या मागणीला शेवट नव्हता. प्रत्येक प्रकाराला वेगळे माप लागते हे लक्षात यायला दोन बैठका गेल्या.

तोलून पाहिलेले पर्याय

सरसकट नकार. कागदावर सगळ्यांत सोपा. पण वेळेआधी निघणे थांबत नाही, फक्त ते चोरून होते. चोरून निघणारी सिस्टर 'ओव्हर' देत नाही, म्हणजे पुढच्या सिस्टरला रुग्णांची माहिती सोपवत नाही, आणि त्या रात्री नेमके तेच घडले होते.

अर्जदारांना सरसकट सूट. महिन्याच्या १२० नाइट सतराजणांत वाटल्या तर माणशी ७. दोघींना पूर्ण सूट दिली तर उरलेल्या पंधराजणांना ८. एक नाइट जास्त म्हणजे फार नाही, असे वाटते. पण ही दारे उघडली की आणखी चार अर्ज येणार हे सगळ्यांना माहीत होते. सहाजणांना सूट दिली तर अकराजणांना महिन्याला जवळपास ११ नाइट पडतात. म्हणजे सूट मागायला अकरा नवी कारणे तयार.

बारा-बारा तासांच्या दोनच ड्यूट्या. हा पर्याय ये-जा करणाऱ्यांनीच मांडला आणि त्यात तथ्य होते: आठवड्यात फेऱ्या कमी, सुट्टीचे दिवस जास्त, ड्यूटीबदल तीनऐवजी दोन. पण लेबर रूममध्ये दिवसा बारा तास म्हणजे बसायला मिळत नाही. लहान बाळाच्या आईला तो निरुपयोगी. त्यातून एक जण न आल्यास आहे त्या सिस्टरला थांबवून घ्यायची सोय संपते. सहा तासांवर आणखी सहा करता येतात, बारावर बारा नाही. तो बाजूला ठेवला.

ड्यूटीच्या वेळाच सरकवणे. यावर सगळ्यांचे एकमत झाले, आणि एकमत झाले म्हणून कुणी बारकाईने पाहिले नाही.

आणखी एक निर्णय याआधी घ्यावा लागला, तो जाणारी आणि येणारी सिस्टर काही वेळ एकत्र असण्याचा. ८ ला एक जाते आणि ८ ला दुसरी येते, यात 'ओव्हर' द्यायला वेळच धरलेला नव्हता. प्रत्येक ड्यूटीला अर्धा तास जोडला तर १०२ ड्यूट्यांचे आठवड्याला ५१ तास होतात. एका माणसाच्या आठवड्याहून जास्त. तेवढी माणसे नव्हती. म्हणून पाव तास ठरला: आठवड्याला साडेपंचवीस तास, माणशी दीड तास. सरासरी ४६ वरून ४७.४ वर गेली. हा बोजा कबूल करूनच पुढे गेले. तो लपवला असता तर महिन्याभरात कुणीतरी हिशेब मांडलाच असता.

काय केले: पहिली आवृत्ती

सुरुवातीला रचना अशी ठरली. बदलाच्या वेळा सकाळी ७, दुपारी १, संध्याकाळी ७. प्रत्येक ड्यूटी पाव तास पुढे वाढवलेली, म्हणजे दुपारची १ ते ७.१५. गाडी मिळते. पण सकाळची पहिली एसटी स्टँडवर येते ७.४० ला. मग ये-जा करणाऱ्यांनी सकाळच्या ड्यूटीला ८ ला यावे, आवारातल्यांनी ७ ला.

दुसऱ्याच आठवड्यात एका सकाळी ७.३० वाजता लेबर रूममध्ये दोन बायका एकदम प्रसूत होऊ लागल्या. रात्रीच्या दोघी ७.१५ ला गेलेल्या. सातला आलेली एकटी. दुसरी एसटीत. कक्षसेविका मावशी धावत जाऊन निवासस्थानातून रात्रीच्या सिस्टरला उठवून घेऊन आली. तिने नुकतेच अंग टाकले होते. दोन्ही प्रसूती नीट झाल्या. पण ७.१५ ते ८ हा पाऊण तास लेबर रूम एका माणसावर चालवणे म्हणजे नशिबावर भिस्त.

इथे रचना गुंडाळून जुन्या वेळांवर जायचा आग्रह झाला. तो सहज मान्य झाला असता. इन्चार्जनी मात्र वेगळा प्रश्न विचारला: दोघी एकदम का बदलायच्या?

दुसरी आवृत्ती: दोन फळ्या

त्यातून जे निघाले ते आजही चालू आहे. प्रत्येक ड्यूटीतले दोन जण 'सातच्या फळीत': लेबर रूममधली एक आणि कॅज्युअल्टी. बाकी सगळे 'आठच्या फळीत': लेबर रूममधली दुसरी, वॉर्ड, थिएटर, इंजेक्शन.

सातची फळी: सकाळ ७ ते १.१५, दुपार १ ते ७.१५, रात्र संध्याकाळी ७ ते सकाळी ७.१५.
आठची फळी: सकाळ ८ ते २.१५, दुपार २ ते ८.१५, रात्र संध्याकाळी ८ ते सकाळी ८.१५.

ये-जा करणाऱ्यांना सकाळी आठची फळी आणि दुपारी सातची. आवारातले उलट. लेबर रूममध्ये आता एका वेळी एकच चेहरा बदलतो. कळा देणाऱ्या बाईजवळ तिला ओळखणारी एक सिस्टर नेहमी असते. आणि ८ वाजताचे मॅग्नेशियम देणारी सिस्टर ७ पासून वॉर्डात हजर असते. बसच्या वेळापत्रकाची अडचण सोडवताना ही गोष्ट आपसूक हाती लागली. मुळात कुणाच्या डोक्यात नव्हती.

यासोबत चार नियम लेखी झाले.

ड्यूटी लिस्ट चार आठवड्यांची, लागू होण्याच्या १० दिवस आधी भिंतीवर. त्याआधी पाच दिवस 'मागणी वही' उघडी: कुणाला कोणता दिवस हवा तो लिहायचा, कारण लिहिलेच पाहिजे असे नाही. माणशी दोनच मागण्या.

लिस्ट लागल्यावर अदलाबदल फक्त चिठ्ठीने. दोघांच्या सह्या, २४ तास आधी, आणि लेबर रूमची ड्यूटी प्रसूतीचे प्रशिक्षण झालेल्यानेच घ्यायची. सतरापैकी ११ जणांचे ते झालेले होते. कागदावर दोन सिस्टर सारख्या दिसतात, लेबर रूममध्ये नसतात. जुन्या फोनाफोनीत हे अनेकदा निसटले होते.

दोन ड्यूट्यांत किमान ११ तासांचे अंतर. याचा एक बारीक परिणाम: आठच्या फळीची दुपार ८.१५ ला संपते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सातच्या फळीची सकाळ घेता येत नाही (अंतर १० तास ४५ मिनिटे). लिस्ट लिहिताना सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात. इन्चार्जनी एक सोपी युक्ती केली: सातची फळी निळ्या पेनने, आठची लाल. लालनंतर निळा दिसला की थांबायचे.

चौथा नियम भिंतीवरच्या तक्त्याचा. नाइट, रविवार आणि सणाच्या ड्यूट्या प्रत्येकाच्या नावापुढे, सर्वांना दिसतील अशा.

हा तक्ता मागच्या १३ आठवड्यांपासून भरला, आणि खोलीत शांतता पसरली. ३६४ नाइटपैकी १५० पाच कंत्राटी सिस्टरांनी केल्या होत्या, माणशी ३०. बारा नियमितांच्या वाट्याला माणशी १८ सुद्धा नाहीत. कुणी ठरवून केले नव्हते. ज्यांचा आदेश ११ महिने २९ दिवसांचा असतो आणि मग पुन्हा नवा निघायचा असतो, त्या 'नाही' म्हणत नाहीत. शनिवारच्या रात्री आलेला प्रत्येक "बदलून द्या ना" शेवटी त्यांच्याच नावावर जाऊन बसत होता.

चार अर्जांचे काय झाले

बाळाच्या आईला वर्षाऐवजी बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत, म्हणजे पाच महिने, नाइट माफ. बदल्यात तिने महिन्यातले दोन जास्तीचे रविवार घेतले. रविवारी नवरा घरी असतो. सातच्या फळीची सकाळ शक्यतो तिला. दूध पाजायला ड्यूटीत दोन वेळा घरी जाण्याची मुभा. प्रसूती लाभ कायद्यात बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत अशा दोन विश्रांती सांगितल्या होत्या, तेच माप घेतले. या काळात तिच्या जागी लेबर रूम कुणी पाहायचे हेही आदेशातच लिहिले. ते लिहिले नसते तर ती दर वेळी कुणाची तरी विनवणी करत बसली असती.

कंत्राटी सिस्टरचा प्रश्न फळ्यांनीच सुटला. तिच्या नाइट सलग चार आणि मग दोन दिवस सुट्टी अशा बसवल्या, फेऱ्या वाचल्या.

ज्येष्ठ सिस्टरच्या अर्जावर सर्वांत जास्त खल झाला. वय हे कारण मानले तर पन्नाशी ओलांडलेले आणखी चौघे रांगेत होते. आजार हे कारण मानले तर फिजिशियनचे पत्र लागते, आणि पत्र आणायला सांगणे म्हणजे अविश्वास, असे त्यांना वाटले. शेवटी आजार हेच कारण ठरले. नाइट बंद नाही. सलग दोनपेक्षा जास्त नाहीत, सातच्या फळीत नाहीत, कारण संध्याकाळचे जेवण आणि इन्सुलिन घरी उरकून आठला येता येते. औषधसाठ्याचे मागणीपत्रक आणि नव्या सिस्टरांना लेबर रूममध्ये तयार करणे ही कामे त्यांच्याकडे. त्या समाधानी नव्हत्या, तसे त्यांनी लिहूनही दिले. तो कागद फाइलला आहे.

ब्रदरच्या बाबतीत चूक झाली. सोमवारी आणि गुरुवारी त्याला नाइट दिली, म्हणजे मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी तो मोकळा. लिस्टवर झकास दिसत होते. प्रत्यक्षात माणूस बारा तास जागून थेट मोटारसायकलवर वडिलांना मागे बसवून ४५ किलोमीटर जाई, चार तास डायलिसिस सेंटरच्या बाकावर बसून राही आणि पुन्हा गाडी चालवत येई. तिसऱ्या आठवड्यात एका वळणावर त्याला डुलकी लागली. गाडी खाली गेली नाही, एवढेच. त्यानंतर त्या दोन दिवशी त्याला आठच्या फळीची दुपार, २ वाजताची. आणि आदल्या रात्री नाइट कधीच नाही. 'मोकळा वेळ' आणि 'झोपलेला माणूस' या दोन गोष्टी लिस्ट लिहिणाऱ्याने वेगळ्या मोजायला हव्यात.

कागदपत्रांची बाजू

इथे जे अडले ते सगळ्यांत रटाळ आहे आणि सगळ्यांत जास्त ठिकाणी अडते. बायोमेट्रिक यंत्रात तीनच ड्यूट्या भरलेल्या होत्या. सातला येऊन सव्वाएकला गेलेली प्रत्येक सिस्टर यंत्राच्या हिशेबी 'लवकर गेलेली'. पहिल्या महिन्याच्या हजेरीपत्रकावर शेऱ्यांची रांग लागली, आणि आस्थापना लिपिकाने त्या नैमित्तिक रजेत टाकायला सुरुवात केली. वर्षाला मिळतात ८. दोघींच्या चार-चार एका महिन्यात गेल्या. फळ्यांवरचा विश्वास उडायला एवढे पुरेसे होते.

दुरुस्ती अशी झाली. वैद्यकीय अधीक्षकांनी मागील तारखेचा नव्हे तर चालू तारखेचा कार्यालयीन आदेश काढला: सहा वेळा, तीन महिने प्रायोगिक, सोबत नावनिहाय लिस्ट. गेलेल्या दिवसांसाठी इन्चार्जच्या सहीचे हजेरी प्रमाणपत्र जोडले. यंत्रात सहा वेळा भरून घेण्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयाला पत्र गेले. तोंडी उत्तर आले, "करून बघा." अधीक्षकांनी त्यावर समाधान न मानता दूरध्वनीचा संदर्भ देऊन दुसरे पत्र पाठवले. लेखी होकार यायला सात आठवडे लागले. तोवर कापलेल्या रजा परत जमा झालेल्या नव्हत्या.

निष्पत्ती

तीन महिन्यांनंतरच्या १३ आठवड्यांत पाच कंत्राटी सिस्टरांच्या नाइट ३६४ पैकी १५० वरून ११२ वर आल्या. समान वाटा १०७ चा. नियमितांपैकी तिघींच्या नाइट त्यामुळे वाढल्या आणि त्या तिघी नाराज आहेत. कारण त्यांची सोय आधी कुणाच्या तरी खर्चाने होत होती, हे भिंतीवर लिहिले गेले.

७.४५ च्या गाडीसाठी वेळेआधी निघणे संपले. 'ओव्हर' आता खाटेजवळ होते, केसपेपर हातात घेऊन: पुढचा डोस कोणता, किती वाजता, दिला नसेल तर का. औषधाच्या रकान्यात दिले तर वेळ आणि सही, नाही तर 'दिले नाही' असे लिहून सही; रकाना कोरा ठेवायचा नाही. हा शेवटचा नियम वेळांशी थेट संबंध नसलेला, पण त्या रात्रीचा खरा धडा तोच होता.

अचानक गैरहजेरी थोडी कमी झाली असे इन्चार्ज सांगतात. पण आधीचे महिने पावसाळ्याचे होते, नंतरचे हिवाळ्याचे. त्यावरून काही सिद्ध होत नाही.

वेगळे काय करता आले असते

बायोमेट्रिकच्या वेळा आणि लेखी आदेश, हे काम पहिल्या दिवसाआधी व्हायला हवे होते. नवी लिस्ट सोमवारी लावायची घाई नडली.

बैठकांना लिस्ट लिहिणाऱ्या इन्चार्ज होत्या, वॉर्डातल्या दोन सिस्टर होत्या. मावशी आणि मामा (कक्षसेविका आणि कक्षसेवक) नव्हते. त्यांच्या वेळा जुन्याच राहिल्या. सकाळी सातला सिस्टर येते, पण झाडूपोछा करणारी माणसे आठला. सातच्या 'ओव्हर'मध्ये तासभर खाटांखालची भांडी तशीच. शिवाय लेबर रूममध्ये सिस्टरला पहिली मदत मावशीचीच लागते, हे त्या साडेसातच्या सकाळी दिसले होते.

नाइटचा तक्ता आधी भरला असता तर चर्चा 'सूट कुणाला' इथून सुरू न होता 'भार कुणावर' इथून सुरू झाली असती. चारही अर्ज मग वेगळ्या नजरेने वाचले गेले असते, कदाचित ज्येष्ठ सिस्टरचाही.

आणि पाच रिक्त पदे. सहा वेळांची कितीही सुरेख वीण घातली तरी १७ माणसांत ८०५ तास बसवायचे आहेत. मार्चमध्ये दोघी एकदम आजारी पडल्या, तेव्हा आठ दिवस दोन्ही फळ्या मोडून जुन्या तीन ड्यूट्यांवर यावे लागले. नवव्या दिवशी पुन्हा फळ्या लागल्या, पण त्या आठ दिवसांत दुपारच्या सिस्टर पुन्हा ७.२० ला निघत होत्या.

बालसंगोपन रजेवरची सिस्टर पुढच्या महिन्यात रुजू होते आहे. ती ये-जा करणारी आहे, आणि मागणी वहीत तिच्या नावापुढे दोन दिवस आत्ताच लिहिलेले आहेत.